समुद्रावर जाताना बॅगेत काय भरायचं, हे कोण ठरवणार?

लातूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. आमच्याकडं पाणी म्हटलं की मांजरा धरण, बोअर आणि टँकर आठवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं आमच्या शहरासाठी पाणी आणलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. अशा शहरातल्या आमच्या खानदानात सध्या क्रूझचा विषय चालू आहे. पुण्यातला धाकटा भाऊ, नांदेडची मोठी आपा, आम्ही लातूरकर आणि सगळ्यांची मुलं मिळून अकरा जण. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री जहाजावर.

तारखा, सुट्ट्या आणि पैसे हे सगळं दोन दिवसांत ठरलं. कपड्यांचं मात्र पंधरा दिवस झाले तरी ठरत नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवं काहीतरी येतं. भाचीनं तीन रात्रींसाठी नऊ ड्रेसची यादी टाकली. भाभीनं विचारलं, "डेकपे बुरखा चलता क्या?" दुल्हेभाईंनी लिहिलं, "बुरखाच घालायचा तर क्रूझला कायकू जाना?" खालाचा निरोप आला, "शरीफ घरच्या बायका असल्या जहाजावर जात नाहीत." अकरा जणांत पाच पुरुष आणि मुलगे आहेत. ते काय घालणार, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगते. या प्रवासाला निघताना कपड्यांचे दोन प्रश्न असतात. एक प्रश्न समुद्र विचारतो आणि दुसरा लोक विचारतात. समुद्राचा प्रश्न अकराही जणांना सारखाच लागू आहे आणि त्याचं उत्तर नीट माहिती घेऊन द्यायला हवं. लोकांच्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्यानं, जिचं तिनं द्यावं. आमच्याकडं उलटंच होतं. समुद्राचा प्रश्न कुणी वाचतसुद्धा नाही आणि लोकांच्या प्रश्नाचं उत्तर सगळे मिळून बायकांच्या वतीनं देऊन टाकतात.

आपल्या लोकांना जहाज नवं नाही

"जहाज म्हणजे श्रीमंतांची आणि गैरमुस्लिमांची मौज" असं आता बरेच जण बोलतात. हे बोलणाऱ्यांच्या घरातही एखादी जुनी पत्र्याची पेटी असेल, तर ती उघडून पाहावी. १९९५ पर्यंत हिंदुस्थानातले हाजी मुंबईहून जेद्दाहला समुद्रमार्गे जात होते. मोगल लाईन कंपनीची 'मोहम्मदी', 'मुझफ्फरी', 'अकबर' ही जहाजं आपल्या आजी-आजोबांना नावानिशी ठाऊक होती. एका बाजूचा प्रवास सात-आठ दिवसांचा असे.

माझी दादी १९७२ साली दादांबरोबर अशीच गेली. तेव्हा लातूरहून कुर्डुवाडीपर्यंत बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी होती, पुढं मोठ्या गाडीनं मुंबई. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग बंदर. दादीच्या पेटीत काय होतं, ते तिनं आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की मला ते पाठ आहे. तीन सुती साड्या, दोन कुर्ते, दादांचा एहराम, जानमाज, तस्बीह, लोटा, सुंठ, लिंबाचं लोणचं, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सुई-दोरा आणि सगळ्यात खाली दोघांचं कफन. ते कफन जमजमच्या पाण्यात भिजवून परत आणायचं होतं आणि वाटेत मौत आलीच तर तिथं कामी येणार होतं.

एहराम मात्र पेटीत सगळ्यात वर होता. यलमलमच्या समोरून जहाज जाणार, त्याआधी पुकारा होणार आणि तेवढ्यात आंघोळ करून पुरुषांनी बिनशिवलेली दोन वस्त्रं नेसायची, हे ठरलेलं असे. त्या वेळी पेटीच्या तळाशी हात घालत बसायला सवड नसते. जे आधी लागतं ते वर ठेवायचं, हा सामान भरण्याचा पहिला धडा आमच्या घरात तिथून आला.

दादीची एक गोष्ट आजच्या वादात मला फार महत्त्वाची वाटते. ती आयुष्यभर साडीवर मोठी पांढरी चादर घ्यायची. जहाजावर वाऱ्यानं चादर उडते आणि शिडी चढताना पायात येते, हे पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं. तिनं सुई-दोरा काढला, चादर मधोमध शिवून टाकली आणि डोक्यात घालता येईल असा झगा केला. तिनं कुणाला मसला विचारला नाही आणि दादांनीही काही विचारलं नाही. अंग झाकलेलं राहिलं आणि दोन्ही हात कठडा धरायला मोकळे झाले. दादीचं शिक्षण उर्दूच्या दुसरीपर्यंत होतं.

समुद्र काय विचारतो

आता क्रूझचं पाहू. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये 'आंग्रिया' हे जहाज मुंबई-गोवा सुरू झालं. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलं. मोठं जहाज म्हणजे पाण्यावरचं अनेक मजली हॉटेल. आत एसी, बाहेर डेकवर ऊन आणि वारा, जिन्यांवर आणि पोहण्याच्या तलावाजवळ ओली फरशी. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की कपड्यांचा अर्धा प्रश्न सुटतो.

डेकवर वारा सतत असतो. ओढणी, दुपट्टा, सैल नकाब, साडीचा पदर, लुंगी, सगळंच उडतं. ज्यांना डोकं झाकायचं आहे त्यांनी सरकणारी जॉर्जेटची ओढणी घरी ठेवावी. डोक्यावरून घालायचा तयार हिजाब किंवा सुती स्कार्फ घ्यावा, चार जादा पिना घ्याव्यात. बुरखा घालायचाच असेल तर पायघोळ घेरदार नको. घोट्याच्या वर थांबणारा, पुढून बटणं असलेला, हलक्या कापडाचा बरा. काळा रंग उन्हात तापतो. राखाडी, निळा, मातकट रंगाचे बुरखे आता आपल्या गंजगोलाईतही मिळतात.

खारट दमट हवेत जाड सुती कपडा लवकर वाळत नाही. जीन्स तर वाळतच नाही. पातळ सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र सलवार-कुर्ते तीन जोड, रात्रीचा एक जोड आणि एसीसाठी एक शाल किंवा स्वेटर, एवढ्यात तीन रात्री सहज निघतात. पायात मागून पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल. उंच टाचेची चप्पल हलत्या जहाजावर पाय मुरगळायला पुरेशी आहे.

पोहण्याचा तलाव हा सगळ्यात मोठ्या वादाचा विषय, त्याचंही साधं बोलू. सुती सलवार-कमीज घालून तलावात उतरू देत नाहीत. त्यामागं धर्माचं काही नसतं. सुती कपड्याचे धागे गाळणयंत्रात अडकतात आणि भिजलेला सुती कपडा इतका जड होतो की न पोहता येणाऱ्याला तो खाली ओढतो. ज्यांना अंग झाकून पाण्यात उतरायचंय त्यांच्यासाठी पोहण्याच्याच कापडाचा पूर्ण पोशाख मिळतो. २००४ साली ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी या लेबनानी वंशाच्या महिलेनं असा पोशाख तयार केला आणि त्याला बुर्किनी नाव दिलं. आज आपल्याकडंही तो ऑनलाइन मिळतो आणि मुस्लिम नसलेल्या बायकाही उन्हापासून बचावासाठी तसला पोशाख घेतात. तिकीट काढतानाच जहाजाचा नियम विचारून घ्यावा, म्हणजे तिथं जाऊन हुज्जत होत नाही.

आता पुरुषांकडं वळते. शरियतनं पुरुषालाही सतर सांगितलंय, नाभीपासून गुडघ्यापर्यंत. माझ्या भावानं आणि भाच्यांनी ज्या चड्ड्या मागवल्यात त्या गुडघ्याच्या चांगल्या वर आहेत. त्यावर ग्रुपवर एकही फतवा आला नाही. पर्द्याची चर्चा करायचीच असेल तर ती दोन्ही बाजूंनी व्हावी. आणि मुलग्यांना आणखी एक गोष्ट बॅगेत भरून द्यायला हवी, ती म्हणजे नजर खाली ठेवण्याची शिकवण. कुरआननं तो हुकूम आधी पुरुषांना दिलाय आणि मग स्त्रियांना.

लाइफ जॅकेट

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे मोठं क्रूझ जहाज खडकावर आदळून ३२ जण गेले. त्या जहाजावर नव्यानं चढलेल्या अनेक प्रवाशांची बचावाची कवायतच झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावी लागते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा लाइफ जॅकेटचा प्रश्न आपल्या दाराशी आला.

कपड्यांशी याचा थेट संबंध आहे. जॅकेट कपड्यांवरून घालायचं आणि पट्टे कमरेशी घट्ट आवळायचे असतात. तुमचा पोशाख कोणताही असो, बुरखा, साडी, लेहंगा किंवा शेरवानी, तो घालून अर्ध्या मिनिटात जॅकेट बांधता आलं पाहिजे आणि जिना उतरता आला पाहिजे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. तो मुलांना घरीच शिकवावा. माझ्या दृष्टीनं क्रूझवरच्या पोशाखाची खरी कसोटी हीच. भाचीच्या यादीतले दोन ड्रेस या कसोटीवर बाद झाले आणि माझी एक रेशमी साडीसुद्धा.

बॅगेत आणखी काय

मोठं सामान बंदरावर जमा करावं लागतं आणि केबिनमध्ये ते उशिरा पोचतं. म्हणून एक छोटी बॅग हातात हवी. त्यात मूळ आधार कार्डं, मुलांची ओळखपत्रं, औषधं, चार्जर, एक जोड कपडे आणि जानमाज. दादीचा एहराम पेटीत वर होता, तसंच हे. इस्त्री आणि चहाची किटली नेऊ नये. आगीच्या भीतीनं त्या काढून घेतात. घरचे डबेही बहुतेक आत नेऊ देत नाहीत, म्हणून धपाटे लातूर-मुंबई रेल्वेतच संपवावेत. सकाळी सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळच आहे. जहाज लागू नये म्हणून सुंठ, लिंबू आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी. जेवण हलालं आहे का, हे तिकिटाच्या वेळी लेखी विचारावं. मासे आणि शाकाहारी जेवण तर असतंच.

नमाजचं सामान सगळ्यात हलकं. हनफी मसलकात ४८ मैलांच्या म्हणजे साधारण ७७ किलोमीटरच्या पुढं निघालेल्या मुसाफिराला कसर आहे. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. चक्कर येत असेल तर बसून पढता येतं. मुंबईहून किबला जवळजवळ पश्चिमेला. जहाज गोव्याकडं म्हणजे दक्षिणेला जाताना तो उजव्या हाताला, खुल्या समुद्राच्या बाजूला येतो आणि परतताना डाव्या हाताला. जहाज वळलं तर आपणही वळायचं. समुद्राच्या पाण्यानंही वजू होते. लातूरच्या माणसानं एवढं पाणी एकदा डोळे भरून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

लोक काय विचारतात

आता दुसरा प्रश्न. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या अनेक किनारी गावांनी बुर्किनीवर बंदी घातली. २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं विलनव्ह-लूबे या गावाच्या बंदीला स्थगिती दिली. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२२ मध्ये, आपल्या शेजारच्या कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इराणमध्ये महसा अमिनी ही तरुणी हिजाब नीट घेतला नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असताना तिचा जीव गेला. एका ठिकाणी डोक्यावरचं कापड काढा म्हणून जबरदस्ती, दुसऱ्या ठिकाणी ते घाला म्हणून जबरदस्ती. दोन्हीकडं त्या मुलीला काय हवंय, हे विचारलं गेलं नाही.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे या जगाचीच छोटी आवृत्ती आहे. दुल्हेभाईंना वाटतं, बायकांनी जहाजावर 'मॉडर्न' दिसावं, नाहीतर फोटोत आपण मागासलेले वाटू. खालाला वाटतं, बायकांनी जाऊच नये. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण ठरवण्याचा हक्क आपला आहे यावर दोघांचं एकमत आहे. भाभीनं विचारलेला प्रश्न इतका साधा होता, की डेकवर बुरखा चालतो का. तिला माहिती हवी होती. तिला मिळाले ते दोन फैसले.

खालाचे दोन आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. पहिला, जहाजावर दारू असते, जुगाराचा हॉल असतो. असतो. तो एका मजल्यावर असतो आणि तिथं जायची सक्ती नसते. शहरातसुद्धा बिअर बारसमोरून आपण रोज जातो आणि मुलांना सांगतो की हे आपलं नाही. दुसरा आक्षेप फिजूलखर्चीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. एका रात्री पांढरे कपडे, दुसऱ्या रात्री चमकदार कपडे, असल्या 'थीम'च्या जाहिराती पाहून तीन दिवसांसाठी नवी खरेदी करणं हा इसराफ आहे. शाळेत शिकवताना मी पाहते, घरात फीचा हप्ता थकलेला असतो आणि लग्नातल्या एका रात्रीच्या ड्रेससाठी उधारी होते. ईदचे कपडे आहेत, तेच न्यावेत. थीमच्या रात्री साध्या कपड्यात कुणी गेलं तर जहाज काही परत फिरत नाही.

आणि ज्यांना वाटतं की मौजेच्या प्रवासातच पर्दा, सभ्यता वगैरेचा प्रश्न येतो, त्यांनी लक्षद्वीप आठवावा. याच क्रूझ तिथंही जातात. २०११ च्या जनगणनेनुसार तिथले ९६ टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान आहेत. बेटांवर जायला परवाना लागतो, बंगाराम सोडता दारूबंदी आहे आणि वस्तीत फिरताना पोशाख सभ्य ठेवावा, असं सगळ्याच पर्यटकांना सांगितलं जातं. बाहेरचे पाहुणे ते पाळतात आणि मजाही करतात. पाहुण्यांनी यजमानांचा मान ठेवायचा, हा नियम आपल्याला कळतो. मग आपल्याच घरातल्या बाईचा मान ठेवताना तो का विसरतो?

मी स्वतः सलवार-कमीज आणि सुती स्कार्फ नेणार आहे. आपा बुरखा घालणार आहे, निळा, पुढून बटणांचा. भाची डोकं झाकत नाही, ती तशीच येईल. भाभीनं अजून ठरवलेलं नाही आणि तिला घाई करायची कुणाला गरज नाही. चौघीजणी एकाच टेबलावर जेवायला बसू. ग्रुपवर मी काल एवढंच लिहिलं: वारा, ओली फरशी, एसी आणि लाइफ जॅकेट, या चार गोष्टी सगळ्यांनी वाचाव्यात, पुरुषांनीसुद्धा. बाकी ज्याची बॅग त्यानं भरावी आणि त्यानंच उचलावी.

दुल्हेभाईंनी त्यावर अंगठा दाखवलाय. त्यांची बॅग आजवर आपाच भरत आलीय, त्यामुळं या वेळी त्यांना जरा लवकर सुरुवात करावी लागेल.